घरातलं सिनेमा-गाण्यांचं भांडार: आधी वीज, मग वायर, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी

"भाऊ, सारं बराबर जोडलं, पन पिच्चर मधातच अडकून राह्यला."

धानाची मळणी आटोपली, रात्री मोकळ्या झाल्या की असे फोन सुरू होतात. घरी जाऊन पाहावं तर सामान जवळपास सारखंच असतं. जुना लॅपटॉप, त्याला लावलेली हार्ड डिस्क, डिस्कवरचे सिनेमे टीव्ही-मोबाइलवर पोचवणारं जेलीफिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर आणि वायफायवर चालणारा टीव्ही. वस्तू बरोबर असतात, क्रम उलटा असतो. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर टाकलेलं, दुसऱ्या दिवशी डिस्क गच्च भरलेली आणि विजेचा विचार डिस्क गेल्यावर. म्हणून इथे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. एखाद्या टप्प्याची तपासणी पास झाली नाही तर पुढे जाऊ नका, तिथेच थांबा.

आपण करणार आहोत ते एवढंच: घरात एक यंत्र कायम चालू, त्याला एक डिस्क, आणि त्या डिस्कवरची गाणी-सिनेमे घरातल्या टीव्हीवर आणि प्रत्येक मोबाइलवर. यासाठी रोज इंटरनेट लागत नाही. मांडणीच्या दिवशी आणि नवीन सिनेमाचं पोस्टर उतरवायला तेवढं लागतं. गावातला टॉवर दोन दिवस बंद असला तरी घरातलं भांडार चालू राहिलं पाहिजे.

टप्पा १: काय ठेवायचं आहे ते कागदावर लिहा

डिस्क विकत घेण्याआधी वही घ्या. पानाच्या मधोमध रेघ ओढा. डावीकडे "परत मिळेल" आणि उजवीकडे "परत मिळणार नाही". विकत घेतलेल्या डीव्हीडीवरचा सिनेमा डावीकडे. बहिणीच्या लग्नाची कॅसेट, आजोबांच्या मंडळाची खंजिरी भजनं, शाळेच्या गॅदरिंगचं शूटिंग, मंडळींच्या परवानगीने टिपलेला झाडीपट्टीतला नाट्यप्रयोग हे सगळं उजवीकडे. हे पान जपून ठेवा, शेवटच्या टप्प्यात ते लागणार आहे.

आता हिशेब. ३२० केबीपीएसचं पाच मिनिटांचं एमपी३ गाणं साधारण १२ एमबी होतं, म्हणजे हजार गाणी १२ जीबीत बसतात. गाण्यांची चिंता करायचं कारणच नाही. जागा खातात ते सिनेमे. ८ एमबीपीएस दराचा अडीच तासांचा फुल एचडी सिनेमा ९ जीबी होतो, म्हणजे २०० सिनेमे १८०० जीबी. लग्नाची एकपदरी डीव्हीडी जास्तीत जास्त ४.७ जीबीची. आलेल्या बेरजेच्या दीडपट डिस्क घ्या. आणि १ टीबीची डिस्क संगणकात ९३१ जीबी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. ती मोजण्याच्या दोन पद्धतींमधली तफावत आहे.

इशारा: ओटीटी ॲपमध्ये डाउनलोड केलेला सिनेमा या यादीत धरू नका. ती फाइल कुलूपबंद असते आणि त्या ॲपबाहेर चालत नाही.

टप्पा २: वीज

या टप्प्यावर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण आपल्याकडे डिस्क जुनी होऊन मरत नाही, लाइनीने मरते.

माझी पहिली डिस्क ३.५ इंचाची होती. स्वस्त आणि मोठी म्हणून घेतली. या आकाराच्या डिस्कला स्वतःचा वेगळा ॲडॉप्टर असतो, तो भिंतीच्या बोर्डात. लॅपटॉपला बॅटरी होती, त्यामुळे मला वाटलं, लाइन गेली तरी आपण सुरक्षित. एका संध्याकाळी लाइन गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली, अर्ध्या मिनिटात चार वेळा. लॅपटॉपचा पडदा जराही हलला नाही. पण डिस्क दर वेळी फिरता फिरता थांबत होती आणि पुन्हा उचल घेत होती. चौथ्या वेळी तिच्यातून घड्याळासारखा कट्... कट्... कट् असा आवाज यायला लागला. त्या डिस्कवर आजोबांच्या भजनांच्या अकरा कॅसेट होत्या, मी महिनाभर बसून डिजिटल केलेल्या. मूळ कॅसेटींतल्या चारच पुन्हा वाजल्या.

त्यातून शिकलेला नियम: यंत्र, डिस्क आणि राउटर या तिघांनाही लाइन गेल्याचं कळता कामा नये. एकालाही कळलं तर मांडणी अपुरी आहे.

यंत्रासाठी जुना लॅपटॉप उत्तम, कारण त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. बॅटरी अर्धा तास टिकली तरी पुरे. फक्त लॅपटॉप उलटा करून बॅटरी पाहा. फुगलेली असेल, टचपॅड वर उचललेलं दिसत असेल, तर ती बॅटरी चालू ठेवू नका, आग लागू शकते.

डिस्क २.५ इंचाची घ्या. ती यूएसबीतूनच वीज घेते, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीवर आपोआप येते. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ खाचेत लावा. यूएसबी २ची खाच नियमाने ५०० मिलिॲम्पिअर देते आणि यूएसबी ३ची ९००. जुन्या खाचेत डिस्क कधी दिसते, कधी गायब होते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. ३.५ इंचाची डिस्क आधीच घरात असेल तर तिचा ॲडॉप्टर यूपीएसवरच लावा.

राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर पाहा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात.

घरी इन्व्हर्टर आहे, मग चिंता कशाला? इन्व्हर्टरच्या मागच्या किंवा पुढच्या बाजूला बहुधा एक बटन असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला साधी पद्धत. साध्या पद्धतीत लाइन बदलायला जो क्षण जातो त्यात पंख्याला काही होत नाही, पण डिस्क किंवा राउटर बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. बटन यूपीएसकडे ठेवा.

आता अर्थिंग. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पुढचं सगळं थांबवा आणि आधी वायरमनला बोलवा. कोळसा-मिठाचा खड्डा एप्रिलपासून कोरडा पडतो, उन्हाळाभर त्यात पाणी टाकत राहा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीत कोंबू नका. ज्या बोर्डावर कूलर किंवा पाण्याची मोटर आहे त्या बोर्डावर हे सामान लावू नका. मोटर उचल घेताना दाब एकदम खाली जातो. गावात एकाच डीपीवर कृषिपंपही असतील तर पंप सुरू व्हायच्या वेळी घरातला दिवा मंद होतो का पाहा. होत असेल तर स्टॅबिलायझर लावल्याशिवाय ३.५ इंचाच्या डिस्कचं नावही काढू नका.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगतो. पडदा बंद असलेला लॅपटॉप आणि डिस्क मिळून १५ ते २० वॅट धरा. चोवीस तास चालवलं तर महिन्याला ११ ते १४ युनिट होतात.

तपासणी: डिस्क रिकामी असतानाच हे करा. सगळं चालू ठेवा, डिस्कला कान लावून बसा आणि कोणाला तरी मेन स्विच पाडायला सांगा. डिस्कच्या फिरण्याचा आवाज तुटू नये. राउटरचे दिवे विझू नयेत. पाच वेळा करा. पाचही वेळा सगळं तसंच राहिलं तर पुढे चला.

इशारा: मृगाच्या आधी आणि पावसाळ्यात वीज कडाडायला लागली की लॅपटॉपचा प्लग तर काढाच, बाहेरून येणारी इंटरनेटची तांब्याची वायरही राउटरमधून काढा. वीज केवळ बोर्डातून येत नाही.

टप्पा ३: जागा

मे महिन्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५च्या वर जातो. टिनाच्या छपराखालचा माळा त्याहून तापतो. बहुतेक हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते, आणि चालू डिस्क स्वतःही गरम होत असते. हिशेब केला की माळा बाद.

कूलरच्या झोतात ठेवणं ही दुसरी चूक, आणि ती फार जण करतात. थंड राहील म्हणून ठेवतात, पण कूलरची हवा दमट असते आणि सोबत पाण्याचे तुषार आणते. एका उन्हाळ्यात यूएसबीच्या खाचांवर हिरवट गंज चढलेला मी पाहिला आहे.

चांगली जागा म्हणजे मधल्या खोलीतला मातीच्या जाड भिंतीतला कोनाडा, जमिनीपासून हातभर वर, समोरून उघडा. माझं यंत्र अशाच कोनाड्यात आहे. भिंत दुपारीही गार असते. लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या की खालून हवा खेळते. झाकण पूर्ण मिटू नका, चार बोटं उघडं ठेवा. वरून कापड टाकू नका. धूळ बसू नये म्हणून कापड टाकतात आणि पंख्याची वाटच बंद करतात. मळणीच्या दिवसांत धानाचा कोंडा आणि कापूस वेचणीच्या घरात बारीक तंतू पंख्यात अडकतात. दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा ब्रशने साफ करा.

केबल उंदरांपासून वाचवायची असेल तर ती प्लास्टिकच्या पाइपातूनच न्या. धानाची पोती ज्या खोलीत असतात तिथून उघडी केबल नेलीत तर ती एक हंगामही टिकायची नाही.

टप्पा ४: यंत्र आणि डिस्क पारखून घ्या

फक्त गाणी आणि साधे एचडी सिनेमे असतील तर ६४ बिटचा, ४ जीबी रॅमचा कुठलाही चालू लॅपटॉप पुरतो. एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून कमी जागेत बसवण्याची एक पद्धत) पद्धतीच्या फाइली खूप असतील आणि घेणारच असाल तर इंटेलच्या सहाव्या पिढीपासूनचा (२०१५ आणि पुढचा) पाहा. १० बिटच्या एचईव्हीसीसाठी सातवी पिढी. त्याहून महागड्या यंत्राची गरज नाही.

विंडोज १०ची साथ कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवली. जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बहुधा चढत नाही. मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकतो. तो मोफत आहे, हलका आहे, आणि मधातच अपडेट घेऊन स्वतःहून बंद-चालू होत नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून तासाभरात बसतो. बसवताना लॅपटॉपमधलं जुनं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. बाहेरची डिस्क त्या वेळी लावूच नका. चुकीची डिस्क निवडून घरचे फोटो पुसणारे मी दोन पाहिले आहेत.

मिंट बसला की दोन सेटिंग लगेच बदला: झाकण लावल्यावर झोपू नये, आणि बॅटरी २० टक्क्यांवर आली की यंत्राने नीट बंद व्हावं.

मग डिस्कची परीक्षा. मिंटमधल्या "डिस्क्स" (Disks) या प्रोग्राममध्ये स्मार्ट चाचणी असते, ती डिस्कची तब्येत सांगते. त्यात दोन ओळी पाहा: रीॲलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेली जागा) आणि पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारी जागा). दोन्ही शून्य हवेत. पेंडिंग शून्य नसेल तर त्या डिस्कवर घरचं काहीही ठेवू नका. मोठी चाचणी रात्री लावून झोपा, २ टीबीला कित्येक तास लागतात.

इशारा: आठवडी बाजारात किंवा ऑनलाइन "२ टीबी पेनड्राइव्ह" काही शे रुपयांत दिसला तर तो खोटा आहे. आकडा मोठा दाखवतो, आत जागा थोडी असते, आणि ती भरली की पुढच्या फाइली नुसत्या नावापुरत्या उरतात. शंका असेल तर विंडोजवरच्या एच२टेस्टडब्ल्यू (H2testw) या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून पाहा.

टप्पा ५: वायर आणि वायफाय

सिनेमा अडकतो त्याचं कारण लोक लॅपटॉपच्या वेगात शोधतात. ते बहुतेक वेळा हवेत असतं. लॅपटॉप वायफायवर आणि टीव्हीही वायफायवर असेल तर प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते. एकदा लॅपटॉपकडून राउटरकडे, मग राउटरकडून टीव्हीकडे. म्हणून किमान लॅपटॉप ते राउटर हा तुकडा केबलचाच हवा. ही एक गोष्ट केली तरी अर्धी घरं दुरुस्त होतात.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६, शुद्ध तांब्याची. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोक कापून नखाने खरवडा, आत पांढरं दिसलं तर ती केबल परत करा. लांबीची मर्यादा १०० मीटर, घरात तेवढी लागत नाही. मात्र घरापासून कोठ्यापर्यंत किंवा भावाच्या घरापर्यंत उघड्यावरून तांब्याची केबल ओढू नका. कडाडती वीज त्या वाटेने दोन्ही घरांत शिरते. तिथे फायबर ओढा.

टीव्ही राउटरच्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा. मातीची जाड भिंत मध्ये आली की ५ गिगाहर्ट्झ दम तोडतं, २.४ पोचतं पण हळू चालतं. २.४वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक ठेवा. बाकीचे एकमेकांवर चढतात.

आता राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपला कायमचा पत्ता राखून द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. सेटिंगचं नाव ॲड्रेस रिझर्व्हेशन किंवा तत्सम असतं. हे केलं नाही तर लाइन जाऊन आल्यावर राउटर दुसरा पत्ता वाटतो आणि टीव्ही जुन्या पत्त्यावर शोधत बसतो. "काल चालत होतं, आज सर्व्हर दिसत नाही" याचं पहिलं कारण हेच.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे सगळं उभारू नका. फोन घरातून शेतात गेला की घरातलं जाळंच शेतात जातं. इंटरनेटची जोडणी नसली तरी साधा राउटर घ्या, तो इंटरनेटशिवायही घरातली यंत्रं एकमेकांना जोडतो. फक्त मोबाइल "या वायफायला इंटरनेट नाही" म्हणून स्वतःच मोबाइल डेटावर उडी मारतो. तो निरोप आला की "तरीही जोडलेलं ठेवा" निवडा. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय चालू असेल तर टीव्ही त्यावर जोडू नका. तिथली यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत.

तपासणी: केबलने जोडलेल्या दोन यंत्रांमध्ये १ जीबीची फाइल पाठवा. गिगाबिट जोडणीवर १० सेकंदांच्या आसपास लागतात, १०० एमबीपीएसवर दीड मिनिट. दोन्ही यंत्रं आणि राउटर गिगाबिटचे असूनही दीड मिनिट लागत असेल तर केबलचं टोक पुन्हा बसवा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएस चारवर चालतं. एक तार सुटली की वेग गुपचूप दहा पट उतरतो.

टप्पा ६: डिस्क तयार करा

नवीन डिस्क बऱ्याचदा एक्सफॅट (फाइली मांडण्याची एक पद्धत) पद्धतीने तयार केलेली येते. तिच्यात नोंदवही नसते. लिहिताना वीज गेली तर काय अर्धवट राहिलं हे डिस्कला कळत नाही. आपल्या लाइनीला ती उपयोगाची नाही. "डिस्क्स" प्रोग्राममधून ती ईएक्सटी४ पद्धतीने नव्याने तयार करा. फॅट३२ तर मुळीच नको, तिच्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही.

पुढची पायरी चुकली की जेलीफिनमध्ये फोल्डर रिकामं दिसतं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. डिस्क लावली की मिंट ती तुमच्या नावाच्या तात्पुरत्या जागी जोडतो. त्या जागी फक्त तुम्हाला प्रवेश असतो. जेलीफिन हा लिनक्सच्या दृष्टीने वेगळा माणूस आहे, त्याला दार बंद. म्हणून "डिस्क्स"मध्ये त्या विभागाच्या माउंट पर्यायात जा, "चालू होताना जोडा" यावर खूण करा आणि जोडण्याची जागा एमएनटी (/mnt) या मूळ फोल्डरात द्या, उदाहरणार्थ भांडार या नावाने. पर्यायांच्या ओळीत "नोफेल" (nofail) हा शब्द आहे ना पाहा. तो नसेल आणि एखाद्या दिवशी डिस्क जोडलेली नसेल तर लॅपटॉप सुरू होतानाच अडकतो. शेवटी त्याच मेन्यूतून डिस्कची मालकी स्वतःकडे घ्या, नाहीतर फाइली टाकता येणार नाहीत.

तपासणी: लॅपटॉप बंद करून चालू करा. काहीही क्लिक न करता भांडार हे फोल्डर उघडलं पाहिजे.

टप्पा ७: फोल्डर आणि नावं, भरण्याआधी

चार फोल्डर करा: सिनेमे, गाणी, घरचं, मालिका. यांची सरमिसळ करू नका.

प्रत्येक सिनेमाला स्वतःचं फोल्डर. नाव रोमन लिपीत, पुढे कंसात प्रदर्शनाचं वर्ष इंग्रजी आकड्यांत. वर्ष नसेल तर एकाच नावाच्या दोन सिनेमांत गोंधळ होतो आणि जुन्या मराठी सिनेमाला भलत्याच परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटतं. गाण्यांचं उलट आहे. तिथे जेलीफिन फाइलीच्या आत लिहिलेली माहिती वाचतो, फाइलीच्या नावाला फारशी किंमत देत नाही. गाणं, गायक, अल्बम, अल्बमचा कलाकार हे चार रकाने एमपी३टॅगसारख्या प्रोग्रामने भरा. देवनागरीत लिहिलं तरी छान दिसतं. "अल्बमचा कलाकार" रिकामा ठेवला तर एकाच भजनमालेचे बारा तुकडे होऊन बारा अल्बम दिसतात.

देवनागरी नावांबद्दल दोन गोष्टी. ईएक्सटी४वर फाइलीचं नाव जास्तीत जास्त २५५ बाइटचं असतं, आणि देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वारही वेगळे मोजले जातात. म्हणजे साधारण ८५ चिन्हं. "चि. अमुक व चि. सौ. कां. तमुक यांचा शुभविवाह" अशी लांबलचक नावं विंडोजवर चालतात आणि इथे कॉपी होताना अडतात. छोटी करा: आडनाव, प्रसंग, वर्ष. दुसरी गोष्ट, जुन्या स्टुडिओतून आलेल्या फाइलींची नावं जुन्या फॉन्टच्या पद्धतीने टाइप केलेली असली तर अगम्य अक्षरं दिसतात. ती युनिकोडमध्ये नव्याने लिहा. हे काम घरातल्या मोठ्यांना शेजारी बसवून करा. कोणत्या लग्नात कोण होतं हे त्यांनाच ठाऊक असतं.

फाइली भरताना जुने पेनड्राइव्ह आणि डिस्क थेट या लॅपटॉपला लावा. शेकडो जीबी वायफायवरून पाठवू नका. काही वेळाने कॉपीचा वेग उतरला तर घाबरू नका, २.५ इंचाच्या मोठ्या डिस्क सलग लिहिताना अशाच मंदावतात. वाचताना त्याचा त्रास होत नाही.

टप्पा ८: आता जेलीफिन

सॉफ्टवेअर शेवटी येतं, आणि इथवर सगळं नीट झालं असेल तर याला पंधरा मिनिटं लागतात. जेलीफिनच्या अधिकृत संकेतस्थळावर लिनक्ससाठी एका ओळीची आज्ञा दिलेली असते. ती टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चिकटवा, पासवर्ड द्या, थांबा. मग ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता, कोलन (:) आणि ८०९६ टाइप करा. आकडे इंग्रजीच हवेत.

लायब्ररी जोडताना प्रकार नीट निवडा. सिनेम्यांना मूव्हीज, गाण्यांना म्युझिक, मालिकांना शोज, आणि घरच्या शूटिंगला होम व्हिडिओज. घरचं फोल्डर मूव्हीजमध्ये टाकलंत तर सॉफ्टवेअर तुमच्या लग्नाला जगभरच्या सिनेमांत शोधत बसेल.

घरच्यांसाठी वेगळं खातं करा आणि त्यातून फाइल पुसण्याची परवानगी काढून घ्या. लेकरांच्या हाती रिमोट असतो.

इशारा: बाहेरगावाहून पाहता यावं म्हणून राउटरचं पोर्ट इंटरनेटला उघडून देऊ नका. घरच्या शूटिंगचं दार आख्ख्या जगाला उघडण्यासारखं आहे ते.

टप्पा ९: टीव्हीवर लावा आणि "डायरेक्ट" चालतंय का पाहा

अँड्रॉइड टीव्हीवर जेलीफिनचं ॲप प्ले स्टोअरमध्ये मिळतं. जुन्या एलसीडीला एचडीएमआयची स्टिक लावून काम होतं. ॲप उघडा, सर्व्हरचा पत्ता द्या, सिनेमा सुरू करा, आणि लगेच लॅपटॉपवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. तिथे त्या सिनेमाखाली लिहिलेलं असतं, "डायरेक्ट" की "ट्रान्सकोडिंग".

डायरेक्ट म्हणजे फाइल आहे तशी जाते आहे. लॅपटॉपला जवळपास काहीच काम नाही. ट्रान्सकोडिंग म्हणजे टीव्हीला ती फाइल समजत नाही, म्हणून लॅपटॉप ती तिथल्या तिथे नव्याने बनवतो आहे. पंखा जोरात फिरायला लागतो, आणि जुना लॅपटॉप मागे पडला की सिनेमा मधातच अडकतो. कारणं ठरावीक आहेत. टीव्हीला एचईव्हीसी कळत नाही. किंवा सबटायटल चित्ररूपात आहेत, ती चित्रावर छापावी लागतात. सबटायटल बंद करून पाहा, लगेच फरक दिसेल. किंवा ॲपच्या सेटिंगमध्ये दर्जाची मर्यादा कमी ठेवली आहे, ती जास्तीत जास्तवर न्या. नुसता आवाज बदलला जात असेल तर चालू द्या, ते हलकं काम आहे.

अजून एक. बऱ्याच टीव्हींचं केबलचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं. फुल एचडीला ते भरपूर आहे, ब्ल्यू-रेचं चित्रही ४० एमबीपीएसच्या आत असतं. पण भारी ४के फाइल अडकत असेल तर केबल काढून ५ गिगाहर्ट्झवर पाहा.

टप्पा १०: दुसरी प्रत

वहीचं ते पान काढा. उजवा रकाना, "परत मिळणार नाही".

तेवढ्यासाठी दुसरी, लहान डिस्क घ्या. दोन डिस्क एकाच यंत्रात जोडून आरशासारख्या चालवल्या म्हणजे झालं, असं समजू नका. एकीवरून चुकून पुसलं की दुसरीवरूनही त्याच क्षणी जातं, आणि वीज कडाडली तर दोन्ही एकाच बोर्डावर असतात. दुसरी डिस्क कपाटात ठेवली तर निम्मं काम झालं. ती दुसऱ्या घरी ठेवली तर पूर्ण. माझी तालुक्याला बहिणीकडे असते, प्लास्टिकच्या डब्यात, सोबत ओल शोषणारी पुडी.

प्रत करताना "दोन्हीकडे सारखं करा" हा पर्याय निवडू नका. मूळ डिस्कवर काही हरवलं असेल तर तो पर्याय प्रतीवरूनही पुसून टाकतो. फक्त नवीन फाइली जोडत जा.

तपासणी: प्रत झाली की डिस्क काढा, दुसऱ्या यंत्राला लावा आणि उजव्या रकान्यातल्या कोणत्याही तीन फाइली सुरुवातीपासून नाही, मधल्या भागातून आणि शेवटून वाजवून पाहा. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला ठीकच वाजते. मग डब्यावर तारीख लिहा. मी हे वर्षातून दोनदा करतो, राखीला बहीण येते तेव्हा आणि भाऊबीजेला आम्ही जातो तेव्हा. जुनी तारीख खोडायची नाही, तिच्याखाली नवी लिहायची. डब्यावर आता सात तारखा आहेत आणि उरलेल्या चार कॅसेटी त्यातच आहेत.